जमिनीतून निघालेला दागिना सोन्याचा आहे का? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पायरीपायरीने

मेटल डिटेक्टरला सोनं ओळखता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण यंत्र विकत घेताना बहुतेकांची समजूत नेमकी उलटी असते. पडद्यावर दिसतो तो आकडा म्हणजे त्या धातूतून वीज किती सहज वाहते आणि वस्तू केवढी आहे, याचा मिळून काढलेला अंदाज. बारीक सोन्याची अंगठी आणि थंड पेयाच्या डब्याची ओढायची कडी, दोघींचा आकडा जवळपास सारखा येऊ शकतो. गळ्यातली नाजूक साखळी तर बऱ्याचदा यंत्राला जाणवतच नाही, कारण त्याच्या लेखी ती एक वस्तू नसून सुट्या बारीक कड्या असतात.

मी ठाण्यात राहतो आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधायला हे यंत्र घेऊन जातो. लावणीच्या वेळी शेतात पडलेली अंगठी, पुनर्विकासाला निघालेल्या जुन्या घराच्या परसात कधीकाळी पडलेलं कुडं, असली कामं. वस्तू हातात आली की पुढचा प्रश्न ठरलेला: "खरं आहे का हो?" त्याचं उत्तर कसं काढायचं, कुठे जायचं आणि कोणत्या क्रमानं, ते इथे लिहितो. आजीच्या डब्यात सापडलेल्या, पावती नसलेल्या दागिन्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

एक गोष्ट धरून चला. घरी करता येणाऱ्या चाचण्या फक्त "नाही" सांगतात. चुंबकाला चिकटलं तर सोनं नाही; पण चिकटलं नाही म्हणजे सोनं आहे, असं होत नाही. प्रत्येक पायरीवर खोटं गळत जातं आणि उरलेल्यावरच पुढच्या पायरीचा खर्च करायचा. म्हणून फुकटची आणि वस्तूला धक्का न लावणारी चाचणी आधी, ओरखडा काढणारी नंतर आणि वितळवणारी सगळ्यात शेवटी.

जवळ काय काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सराफ वापरतात तसलं, ऑनलाइन स्वस्तात मिळतं.
- 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे चालणार नाही.
- निओडिमियमचं चुंबक. फ्रिजवरचं शोभेचं चुंबक फार अशक्त असतं.
- पातळ नायलॉनचा दोरा, काचेचा छोटा पेला, रिठे किंवा सौम्य साबण, मऊ ब्रश.
- वही आणि मोबाइलचा कॅमेरा.
- कागदांत: तुमचं आधार आणि पॅन, जागेच्या मालकाची लेखी परवानगी, घरातलाच दागिना असेल तर जुनी पावती असल्यास ती, किंवा तो घातलेला दिसेल असा लग्नातला फोटो.

1. जागा कोणाची, हे खणण्याआधी

स्वतःचं अंगण किंवा मालकानं लेखी परवानगी दिलेली जागा, एवढंच नवख्यानं धरावं. येऊरच्या जंगलात यंत्र घेऊन जायचा विचारही नको. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे जमीन उकरणं गुन्हा आहे. ऐरोलीपासून खाडीकाठाची खारफुटी आणि फ्लेमिंगो अभयारण्य हेही वर्ज्य. अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या संरक्षित स्मारकाच्या आसपास तर 100 मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटरचा नियंत्रित पट्टा असतो. उरणच्या बाजूला नौदलाचा तळ आहे, तिथल्या किनाऱ्यावर यंत्र फिरवताना दिसलात तर चौकशी होणार आणि ती व्हायलाच हवी.

पाडायला निघालेल्या इमारतीत "मालक" म्हणजे नक्की कोण, हाही प्रश्न असतो. सोसायटी, विकासक, जुना भाडेकरू, तिघेही मालकाच्या थाटात बोलतात. चिठ्ठी सोसायटीच्या किंवा ज्याच्या नावावर कागद आहे त्याच्या सहीची घ्या.

2. निघालं तसं आधी टिपा, मग धुवा

मातीतून वस्तू वर आली की पहिला हात फोटोकडे जाऊ द्या. वस्तू खड्ड्यात असताना एक, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून एक. तारीख, जागा, किती खोल होती, सोबत आणखी काय निघालं, हे वहीत लिहा. हे सगळं नऊव्या पायरीत कामाला येतं आणि नंतर आठवून लिहिलेल्याला फारशी किंमत नसते.

धुताना घाई नको. कोमट पाण्यात रिठा किंवा साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रश फिरवा. चिंच, पितांबरी, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. मुलामा असेल तर तो खरवडून निघेल आणि मग काय होतं तेच कळणार नाही. कपडे धुवायच्या ब्लीचिंगच्या पाण्यात तर मुळीच बुडवू नका. क्लोरीन कमी कसाच्या सोन्यातल्या तांब्या-चांदीला खातं. मोती, पोवळी किंवा लाख भरलेले मणी असतील तर वस्तू भिजत ठेवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. नाणं निघालं तर ते घासायचंच नाही.

याच वेळी रंग बघून घ्या. 22 कॅरेटचं सोनं कितीही वर्षं मातीत राहिलं तरी धुतल्यावर पिवळंच्या पिवळं निघतं. पितळ आणि तांबं हिरवं, नाहीतर तपकिरी पडतं. खाडीच्या काळ्या चिखलात गंधकयुक्त वायू असतो (ठाण्याहून कळव्याला जाताना नाकाला कळतो तोच), त्यात चांदी काळीठिक्कर होते. 14 कॅरेटमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त भाग दुसऱ्या धातूंचा असल्यानं तेही काळवंडू शकतं. त्यामुळे हिरवं-काळं दिसलं म्हणून लगेच फेकू नका.

3. भिंगाखाली झिजलेल्या जागा बघा

नक्षीकडे बघू नका, नक्षी सगळ्यांचीच छान असते. अंगठीची तळहाताकडची बाजू, पाटलीची आतली कड, कुड्याचा दांडा आणि फिरकीचे आटे, माळेचा फासा, एका कडीवर दुसरी कडी घासते ती जागा, हे सगळं बघा. मुलामा इथेच आधी उडतो. पिवळ्याखालून तांबूस किंवा पांढरट धातू डोकावत असेल तर वरचं सोनं फक्त कातडीपुरतं आहे.

इथे एक फसवं दृश्य आहे. जुन्या दागिन्यावर झाळ दिलेल्या, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडलेल्या जागी रंग थोडा फिका दिसतो, कारण झाळायचा धातू कमी कसाचा असतो. सांध्यावर रंग बदलला तर ती झाळ असू शकते. सपाट जागेवर, कडेला, घासणीच्या ठिकाणी बदलला तर तो मुलामा.

आपल्याकडे तांब्यावर सोन्याचा पत्रा चढवलेल्या बांगड्या-पाटल्या पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. बाजारात "एक ग्रॅम सोनं" म्हणून मिळतो तो प्रकारही सोन्याच्या पातळ थराचाच. पत्रा मुलाम्यापेक्षा जाड असतो, लवकर झिजत नाही, म्हणून भिंगाखालीही फसवतो. त्यासाठी सहावी पायरी आहे.

4. छाप वाचा, पण छापावर विसंबू नका

भारतात सोन्याच्या दागिन्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धता तपासून छाप मारणं, 2000 साली सुरू झालं. त्याआधीच्या दागिन्यावर फार तर सोनाराचा स्वतःचा ठसा सापडेल, किंवा काहीच नाही. म्हणजे जुन्या वस्तूवर छाप नाही यावरून काहीही सिद्ध होत नाही.

2000 नंतरच्या दागिन्यावर त्रिकोणी बीआयएस चिन्ह, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण, सराफाची खूण आणि काही वर्षं सालाचं अक्षरही असे. 2021 च्या जुलैपासून हे बदललं. आता त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटला 916, 18 ला 750, 14 ला 585) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक (त्या एका दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक), एवढंच असतं. 1 एप्रिल 2023 पासून सराफाला एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतले नग आणि कुंदन-जडाव यांना सक्तीतून सूट आहे, तेव्हा नवी नथ किंवा छोटी चमकी बिनछापाची असू शकते.

एचयूआयडी दिसला तर "बीआयएस केअर" ॲपमध्ये टाका. शुद्धता, वस्तूचा प्रकार, सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्र समोर येतं. ॲपमध्ये "अंगठी" लिहिलंय आणि तुमच्या हातात पेंडंट आहे, असं झालं तर क्रमांक कुठूनतरी उचललेला आहे. खरा निघाला तर आणखी एक फायदा: सराफाचा पत्ता लागला की मूळ गिऱ्हाइकापर्यंत जाण्याची वाट मोकळी होते.

नुसतं "916" कोरलेलं, त्रिकोण नाही, बाकी काही नाही, अशा छापाला किंमत शून्य. तो ठसा कोणालाही मारता येतो. "केडीएम" लिहिलं असेल तर ती फक्त कॅडमियमच्या झाळेची खूण, शुद्धतेची सरकारी हमी नव्हे. आकड्यापुढे इंग्रजी जी-पी किंवा जी-एफ अशी अक्षरं असतील तर वस्तू सोन्याच्या थराची आहे. 925 म्हणजे चांदी, वर पिवळी असली तरी.

5. चुंबक

लावा, बघा, पुढे जा. फासा किंवा हूक तेवढा चिकटला तर त्यात पोलादी स्प्रिंग असू शकते, बाकी दागिना बाद नाही. पितळ, तांबं, चांदी, शिसं, काहीच चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा इथे पास होणं म्हणजे काहीच नाही. दातानं चावून बघणं, व्हिनेगरचा थेंब, फरशीवर रेघ ओढणं हे व्हिडिओतले प्रकार सोडून द्या. रेघ पितळेचीही पिवळीच येते.

6. वजन आणि पाणी

घरच्या चाचण्यांत माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शुद्ध सोनं पाण्याच्या 19.3 पट जड असतं. 22 कॅरेट साधारण 17.5 ते 17.9 पट, 18 कॅरेट 15 ते 16, 14 कॅरेट 13 ते 14. शिसं 11.3, चांदी 10.5, तांबं 9 च्या किंचित खाली, पितळ साडेआठच्या आसपास. पितळ आणि सोनं यांच्यात एवढं अंतर आहे की घरच्या काट्यावरही ते उघडं पडतं.

कृती अशी. दागिना कोरडा करून वजन करा आणि लिहा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. दागिना दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा, पण तळाला किंवा काचेला न टेकता, हातानं लटकता धरा. काटा आता जो आकडा दाखवेल तो म्हणजे दागिन्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या वजनाला या आकड्यानं भागा. येणारं उत्तर म्हणजे घनता.

उदाहरण: बांगडीचं वजन 11.72 ग्रॅम, पाण्यात लटकवल्यावर काटा 0.66 दाखवतो. भागाकार 17.76, म्हणजे 22 कॅरेटच्या घरात. तीच बांगडी पितळेची असती तर काट्यानं 1.38 च्या आसपास दाखवलं असतं, चांदीची असती तर 1.12. तांब्यावर सोन्याचा पत्रा असेल तर उत्तर बरंच खाली, तांब्याच्या जवळ येईल.

चुका कुठे होतात? दागिन्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आकडा बिघडवतात. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून दागिना हलकेच झटका. हात थरथरत असेल तर पुस्तकांच्या दोन चळतींवर पट्टी आडवी टाकून तिला दोरा बांधा. पंखा बंद करा. आणि वस्तू फार लहान असेल तर या चाचणीचा हट्ट सोडा. दीड ग्रॅमच्या चमकीत पाण्याचा आकडा 0.08 किंवा 0.09 येणार, म्हणजे भागाकार 18.75 किंवा 16.7, आणि त्यावरून कॅरेट ठरत नाही. तीन-चार ग्रॅमच्या वर ही चाचणी बोलू लागते, दहाच्या वर स्पष्ट बोलते.

आता आपल्या दागिन्यांची खास अडचण. ठुशी, बोरमाळ, कोल्हापुरी साज, जुन्या पोकळ पाटल्या यांच्या आत लाख भरलेली असते. लाख हलकी, त्यामुळे अस्सल सोन्याच्या बोरमाळेचंही उत्तर दहाच्या खाली येऊ शकतं. घनता कमी आली म्हणून आजीची बोरमाळ पितळेची ठरवून मोकळे झालेले लोक आहेत. तसाच आत हवा असलेला पोकळ मणीही हलकाच भरतो. मोती, पोवळी, खडे बसवलेल्या वस्तूचंही तेच. ही चाचणी फक्त भरीव आणि एकाच धातूच्या वस्तूसाठी: अंगठी, वेढणी, भरीव बांगडी, मंगळसूत्राची सुटी भरीव वाटी, नाणं.

दुसऱ्या टोकाला टंगस्टन आहे. त्याची घनता सोन्याइतकीच, म्हणून सोन्याच्या आवरणात टंगस्टन भरून बिस्किटं खपवल्याची प्रकरणं जगभर झाली. घडवायला अतिशय कठीण असल्यानं जुन्या घडणावळीच्या दागिन्यात ते भेटण्याची भीती नाही.

नाण्यांसाठी थोडं वेगळं. जुन्या पदकांत, माळांत गिनी असते, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन: 7.98 ग्रॅम, व्यास 22 मिलिमीटरच्या किंचित वर, 22 कॅरेट. 1918 साली ती मुंबईच्या टांकसाळीतही पडली होती. वजन किंवा व्यास यांपैकी एकही जुळत नसेल तर नक्कल. दोन्ही जुळले तरी सोनाराच्या हातची खऱ्या सोन्यातली नक्कल असू शकते. सोनं म्हणून ती खरी, नाणं म्हणून खोटी.

उत्तर 13-14 च्या घरात आलं आणि रंग तांबूस असेल तर वस्तू कधीची आहे हे घरातल्या मोठ्यांना विचारा. 1963 च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाखाली 14 कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी आली. 1966 मध्ये ती अट उठली. मधल्या काळात घडवलेलं मंगळसूत्र कमी कसाचं निघालं तर सोनारानं फसवलं असं लगेच म्हणू नका, त्याला कायद्यानंच ते बंधन होतं.

7. सोनाराकडची कसोटी

इथवर टिकलं असेल तर आता बाहेर पडा. ठाण्यात जांभळी नाका आणि गोखले रोडच्या बाजूला, नवी मुंबईत वाशी-नेरुळला, पनवेलच्या जुन्या बाजारात सराफी दुकानांची वाण नाही. ओळखीचा, शक्यतो स्वतः दागिने घडवणारा सोनार गाठा. मोठ्या दालनात काउंटरवरचा मुलगा मशीनकडे बोट दाखवतो, कसोटीचा दगड ज्याच्या बोटांत बसलाय असा माणूस वेगळाच.

तो काळ्या दगडावर दागिन्याची रेघ ओढतो, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळईची रेघ ओढतो आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडतो. पितळ-तांब्याची रेघ हिरवट होऊन जाते. 22 कॅरेटची नायट्रिक ॲसिडला दाद देत नाही. मधल्या कसांसाठी वेगळी तीव्रता वापरतात आणि रेघ किती फिकी पडते त्यावरून अंदाज बांधतात. जाणता सोनार एक-दोन कॅरेटच्या आत नेमका सांगतो, तेही तुमच्यासमोर.

रेघ दागिन्याच्या दर्शनी भागावर ओढू देऊ नका, आतल्या किंवा मागच्या कडेवर सांगा. मुलाम्याचा संशय असेल तर तोच सोनार कानशीनं छोटी खाच करून आतल्या धातूची रेघ घेईल. तशी खाच घ्यायला तुमची परवानगी आहे की नाही हे आधी ठरवा. त्याहीआधी, दुकानात शिरल्यावर पहिलं काम: तुमच्यासमोर वजन, आणि ते तुमच्या वहीतल्या वजनाशी ताडून बघणं. घरी वजन केलेल्या माणसाशी दुकानदार जरा वेगळ्या सुरात बोलतो, हा अनुभव तुम्हालाही येईल.

तेजाबाचे संच ऑनलाइन विकतात. घेऊ नका. तांब्याला लागलं की तपकिरी विषारी धूर निघतो आणि वन बीएचकेच्या बंद बाल्कनीत तो जाणार कुठे?

8. मशीन, आणि शेवटी आग

बहुतेक दालनांत आता क्ष-किरणांचं एक्सआरएफ मशीन असतं, लोक त्याला कॅरेटोमीटर म्हणतात. वस्तू ठेवली की काही सेकंदांत टक्केवारी येते. ओरखडा नाही, धूर नाही. पण ते बघतं फक्त वरचा, मायक्रॉनमध्ये मोजावा असा थर. जाड मुलाम्याची किंवा पत्र्याची वस्तू तिथे झकास टक्केवारी घेऊन बाहेर पडू शकते. म्हणून मशीनची टक्केवारी आणि तुमची पाण्याची घनता शेजारी शेजारी ठेवा. मशीन म्हणतं 91 टक्के आणि भरीव बांगडीची घनता येते 10, तर मशीननं कातडी वाचली आहे, आत दुसरंच काही आहे.

लेखी अहवाल हवा असेल तर दुकान सोडून थेट बीआयएस-मान्य तपासणी आणि हॉलमार्किंग केंद्रात जा. सामान्य माणूसही तिथे आपला दागिना तपासून घेऊ शकतो, सराफाची मध्यस्थी लागत नाही. केंद्रांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर राज्य-जिल्ह्यानुसार मिळते. सरकारनं 2023 मध्ये सांगितलेला दर चार नगांपर्यंत 200 रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगामागे 45 रुपये असा होता. जाण्याआधी फोन करून आजचा विचारा. नग देताना वजन, वर्णन आणि संख्या लिहिलेली पोच घ्या. एक मात्र लक्षात असू द्या: केंद्र शुद्धता सांगेल, हॉलमार्क मारून देणार नाही. बिनछापाच्या जुन्या दागिन्याला हॉलमार्क हवा असेल तर नोंदणीकृत सराफामार्फतच जावं लागतं.

वाद मिटवणारी चाचणी आगीची. दागिन्याचा छोटा तुकडा काढून, वजन करून, शिसं आणि चांदी मिसळून भट्टीत घालतात. हलक्या प्रतीचे धातू शिशासोबत मुशीत शोषले जातात, चांदी नायट्रिक ॲसिडनं वेगळी होते, उरलेलं सोनं पुन्हा तोलतात. लपवाछपवीला जागाच नाही. पण तुकडा जातो, म्हणून ऐतिहासिक वाटणाऱ्या वस्तूवर ही करू नका.

आटवून बघणं हा वेगळा मामला. गलाईच्या दुकानात दागिना वितळवून लगड करून देतात. या धंद्यातली बहुतेक मराठी मंडळी सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीची, देशभर पसरलेली, आणि कामात वाकबगार. अडचण त्यांची नाही. लगड झाली की वस्तू काय होती, कोणाची होती, किती जुनी होती, हे सगळं संपतं. पुढची पायरी पूर्ण केल्याशिवाय मुशीकडे जाऊ नका.

9. सापडलेलं कोणाचं?

ही पायरी लोक गाळतात आणि मग पोलीस ठाण्यात बसतात.

अलीकडे हरवलेली वस्तू, म्हणजे आजच्या घडणीची अंगठी, एचयूआयडी असलेली साखळी, ही तुमची नाही. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती वापरली किंवा विकली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली अपहार ठरतो. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या.

जमिनीत दडवलेल्या जुन्या वस्तूंना 1878 चा निखात निधी कायदा लागतो. तो अजून जिवंत आहे आणि त्यातली मर्यादा अजूनही दहा रुपयांचीच आहे. म्हणजे दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही पुरलेलं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. तुमची दुसऱ्या पायरीतली वही इथे उपयोगी पडते. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा हजर करण्याची हमी द्यायची. चौकशीत दावेदार निघाला नाही आणि निधी बेवारस ठरला, तर जागामालकाशी वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला, असं कायदा म्हणतो. सरकारला वस्तू हवी असेल तर किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेता येते. न कळवणाऱ्याचा वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू असेल तर 1972 चा पुरावशेष कायदाही येतो. ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

नवी मुंबईकरांची इथे हमखास गफलत होते. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, म्हणून अर्ज ठाण्यात कोर्ट नाक्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. खारघर, पनवेल, उलवे, उरण रायगड जिल्ह्यात, त्यांचं कार्यालय अलिबागला. बेलापूरचं कोकण भवन हे विभागीय आयुक्तांचं, तिथे रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक शिक्का मारून घ्या.

10. मोडायचं असेल तर

दागिना घरचाच आहे, किंवा सगळं रीतसर होऊन तुमच्याकडे आला आहे, आणि मोडायचा आहे. मग हिशेब स्वतः करून जा. समजा बोरमाळ 8.40 ग्रॅम भरली, लाख आणि दोरा काढल्यावर 6.30 राहिली, अहवालात शुद्धता 83.3 टक्के. शुद्ध सोनं 5.25 ग्रॅम. त्या दिवशीच्या 24 कॅरेटच्या दरानं याला गुणा. दुकानदार यातून घट कापेल. किती टक्के आणि कशाबद्दल, ते बोलायला लावा. दोन-तीन ठिकाणी विचारलं तर फरक कळतो. लाख काढण्याचं काम तुमच्यासमोर व्हायला हवं, आणि निघालेले मोती, पोवळी, खडे परत मागून घ्या. ते वजनातून वजा झालेले असतात, मग तुमचेच.

पावती नाही म्हणून काही सराफ जुना दागिना घेत नाहीत. त्यांना चोरीच्या मालाची भीती असते आणि ती रास्त आहे. केंद्राचा अहवाल, आधार-पॅन, दागिन्याचा जुना फोटो आणि सापडलेला असेल तर आवक शिक्क्याची प्रत पुढे केली की बोलणं सोपं होतं.

आणि उलट बाजूनं सावध राहा. स्टेशनबाहेर किंवा बांधकामाच्या जागेजवळ कुणी हळूच सांगेल की खोदकामात सोन्याची माळ सापडली, गावाला जायचंय, स्वस्तात देतो. खात्री करायला एक-दोन मणी तोडून देईल. ते सोनाराकडे खरे निघतील, कारण तेवढेच खरे असतात. बाकीची माळ पितळेची. ठाणे, कल्याण, पनवेल, कुठेही हा प्रकार नवा नाही. मणी कोणता तपासायचा ते तुम्ही निवडा असं म्हणा, आणि समोरचा माणूस किती वेळ उभा राहतो ते बघा.